हिरव्या टपरीतला पैसा

मागच्या अंकात मी किसुमूच्या दिवसांबद्दल थोडं लिहिलं होतं. ज्यांच्या वाचनात ते आलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नौपाड्यात वाढले, दूरसंचारात नोकरी केली आणि २००६ ते २०१३ अशी सात वर्षं केनियातल्या किसुमू या व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या शहरात मोबाइल नेटवर्कच्या देखभालीचं काम केलं. टॉवर, जनरेटर, बॅटऱ्या आणि केबल हाच तिथला संसार. आता ऐरोलीत राहते. त्या लेखावर इतकी पत्रं आली की संपादकांनी ही पानं त्यांच्यासाठीच दिली. आफ्रिकेतल्या माणसाचं जगणं मोबाइलनं आणि इंटरनेटनं नक्की किती बदललं, हे जवळजवळ प्रत्येकानं विचारलं आहे.

प्रश्न : ताई, माझा नातू म्हणतो की मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आफ्रिकेत आपल्याआधी आली. मी अडतीस वर्षं बँकेत काढली, मला हे पटत नाही. जिथे बँकाच धड नाहीत तिथे पैसा मोबाइलमध्ये येणार कुठून?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे

काका, नातवाचं बरोबर आहे. बँका धड नव्हत्या म्हणूनच ती सोय तिथे आधी आली.

मार्च २००७ मध्ये केनियाच्या सफारीकॉम कंपनीनं एम-पेसा सुरू केलं. 'एम' म्हणजे मोबाइल आणि 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. गलबतांच्या व्यापाराबरोबर शब्द तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. दुकानाला ते 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी'. पहिल्याच आठवड्यात किबुये बाजारात 'लाकी' कानावर पडलं आणि मी गर्रकन वळून पाहिलं, आपल्याकडचं कुणी आहे की काय म्हणून.

मुळात बेत वेगळा होता. छोट्या कर्जांचे हप्ते लोकांना मोबाइलवरून फेडता यावेत म्हणून २००५ पासून चाचणी चालली होती, ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतूनही तिला पैसा मिळाला होता. पण ज्यांच्या हातात ते फोन दिले ते एकमेकांनाच पैसे पाठवायला लागले. कंपनीनं ते बरोबर हेरलं आणि जाहिरात तीन शब्दांची केली : घरी पैसे पाठवा.

या तीन शब्दांचा अर्थ ठाण्या-मुंबईच्या माणसाला सांगावा लागत नाही. माझे आजोबा परळला गिरणीत होते. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात रांग, आणि तिकडे देवरुखला आजी ओटीवर बसून पोस्टमनची वाट बघत असायची. नैरोबीत राबणारा माणूस असाच चाकरमानी होता, फक्त त्याची मनीऑर्डर भरवशाची नव्हती. पैसे पाकिटात घालायचे आणि मटाटूच्या, म्हणजे तिकडच्या वडापच्या, ड्रायव्हरकडे द्यायचे, नाहीतर गावी निघालेल्या कुणाच्या हाती. पाकीट पोचलं तर पोचलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हिरव्या रंगाची एक पत्र्याची टपरी होती. आत जेमतेम एक स्टूल मावेल एवढी जागा, पुढे जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी. तिथली बाई साबण, मेणबत्त्या आणि रिचार्जची स्क्रॅच कार्डं विकायची आणि ती एम-पेसाची एजंट होती. पैसे भरायचे तर रोख तिच्या हातात द्यायची, ती तेवढी रक्कम स्वतःच्या फोनवरून तुमच्या फोनवर टाकायची, आणि दोघींच्या फोनवर मेसेज वाजला की व्यवहार पुरा. काढायचे तर उलट. ओळखपत्र बघायचं, लांबलचक वहीत तारीख, नाव, नंबर, रक्कम लिहायची, पुढे सही. साधा बटणांचा फोन पुरायचा. इंटरनेट नको, सगळा मेनू सिमकार्डातच.

तिथे एक आजी यायच्या. आपल्याकडे बायका कनवटीला पैसे लावतात तसा त्यांनी फोन कमरेच्या लेसोच्या, म्हणजे गुंडाळायच्या कापडाच्या, गाठीत बांधलेला असे. मुलगा नैरोबीत बांधकामावर. आजी पिन दाबायला लागल्या की एजंट बाई मान वळवून रस्त्याकडे बघायची. आजींना एकेक आकडा शोधायला वेळ लागायचा, मागे रांग वाढायची, कुणीतरी हॉर्न मारायचं, पण शेवटचा आकडा दाबून होईपर्यंत ती मान परत फिरवायची नाही. आजींनी एकदा वैतागून फोनच तिच्या हातात दिला, 'तूच दाब' म्हणाल्या. तिनं तो जाळीतून परत सरकवला. मी त्या भागातले टॉवर सांभाळत होते, रात्री-अपरात्री डिझेल घेऊन धावत होते, आणि तरी मी आजही म्हणते की ती सगळी यंत्रणा त्या वळवलेल्या मानेवर उभी होती. ज्या गावात एजंट असा नव्हता, पिन विचारून घ्यायचा, तिथे आमचा टॉवर उत्तम चालत असूनही लोक पुन्हा ड्रायव्हरकडे पाकीट देऊ लागलेले मी पाहिले.

तुम्ही बँकेतले, म्हणून आणखी दोन गोष्टी. लोकांचा पैसा कंपनीच्या गल्ल्यात जात नाही, तो बँकेत विश्वस्त खात्यात राहतो आणि फोनवर दिसणाऱ्या प्रत्येक शिलिंगामागे तिथे एक शिलिंग असतो. बँकांनी कुरकुर केली, २००८ च्या अखेरीस सरकारनं तपासणी लावली, त्यातून ही व्यवस्था सुखरूप बाहेर आली. दुसरी गोष्ट एजंटच्या डोकेदुखीची. त्याला दोन गल्ले सांभाळावे लागतात, एक रोखीचा आणि एक फोनातला; फोनातल्याला सगळे फ्लोट म्हणतात. शहरात लोक पैसे भरतात म्हणून फ्लोट आटतो, खेड्यात लोक काढतात म्हणून रोकड आटते. खेड्यातला एजंट मग टपरी बंद करून तालुक्याच्या बँकेत जातो आणि पिशवीत रोकड घेऊन, जीव मुठीत धरून परत येतो. संध्याकाळी कॅश जुळली नाही की पोटात कसा गोळा येतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि एक आठवण. २७ डिसेंबर २००७ ला तिथे निवडणूक झाली, ३० तारखेला निकाल लागला आणि किसुमू पेटलं. देशभरात हजाराहून जास्त माणसं गेली, लाखो बेघर झाली. आम्ही चार दिवस घरात कोंडून. दुकानं जळत होती, कार्ड मिळेना, माझ्या फोनमध्ये सहा शिलिंग उरले होते. नैरोबीच्या सहकाऱ्यानं आपल्या फोनमधला बॅलन्स मला पाठवला, तेव्हा आईला नौपाड्यात फोन करून 'मी आहे' एवढं सांगितलं. त्याच दिवसांत केनियातल्या काही तरुणांनी 'उशाहिदी' सुरू केलं. उशाहिदी म्हणजे साक्ष. कुठे काय घडलं ते लोकांनी एसएमएसनं कळवायचं आणि ते नकाशावर उमटायचं. ओरी ओकोलो या वकील बाई त्यात पुढे होत्या. २०१० च्या हैतीच्या भूकंपात तेच सॉफ्टवेअर अडकलेल्या माणसांपर्यंत पोचायला वापरलं गेलं.

प्रश्न : मी वाशीच्या एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितो. एम-पेसा आपल्याकडेही आलं होतं ना? मग ते बंद का पडलं? आपलं यूपीआय चांगलं की त्यांचं?
— कोपरखैरणे

आलं होतं. व्होडाफोननं २०१३ मध्ये आणलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा पहिल्यापासून आग्रह होता की लोकांचा पैसा बँकेच्याच छत्राखाली फिरावा. त्यात २०१४ ला जनधनची खाती निघाली आणि एप्रिल २०१६ ला यूपीआय आलं. यूपीआयमध्ये पैसा या बँकेतून थेट त्या बँकेत जातो, तुमचं ॲप कुठलंही असो. एम-पेसात पैशाचा हिशेब फोन कंपनीच्या पाकिटात राहतो आणि बहुतेक व्यवहारांवर दलाली लागते. गरिबाच्या खिशाच्या बाजूनं विचाराल तर मी यूपीआयला मत देईन. शंभर रुपये पाठवायला कुणाला काही द्यावं लागत नाही ही मोठी गोष्ट आहे. शिवाय केनियात एकाच कंपनीच्या हातात इतकं आलं की ती यंत्रणा दोन तास बंद पडली तर भाजीवालीपासून बोडा-बोडावाल्यापर्यंत, म्हणजे मोटारसायकलवर सवारी नेणाऱ्यापर्यंत, सगळे हात चोळत बसतात.

पण एका बाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे. त्यांची सोय साध्या फोनवर चालते आणि रोख काढायला माणूस गल्लीत असतो. आपल्याकडे तुर्भ्याच्या हमालाकडे स्मार्टफोन नसेल, किंवा बोटाचे ठसे झिजून यंत्रावर उमटत नसतील, तर त्याला पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तुम्ही मार्केटमध्ये हे रोज बघत असाल.

आता उलटा प्रवासही सुरू झाला आहे. २०२४ मध्ये नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेनं यूपीआयसारखी पद्धत उभारायला आपल्या एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, परदेशी शाखेशी करार केला. तो करार वाचून मला खूप आनंद झाला.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तंत्रज्ञानामुळे आफ्रिका विकासाच्या मधल्या पायऱ्या गाळून थेट वर गेली असं पुस्तकात वाचते. यानं गरिबी खरंच कमी झाली का? उत्तरात लिहिता येतील असे आकडे द्या.
— घोडबंदर रोड, ठाणे

आकडे देते, पण त्यांच्याबरोबरचा वादही लिहा.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी केनियातल्या कुटुंबांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी मांडलं की एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे देशातली २ टक्के, गरिबीतून वर आली आणि सुमारे १,८५,००० बायका पोटापुरत्या शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या. २०१९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी यावर कडक टीका केली : धंदे बुडाले किती, कर्ज वाढलं किती, ते यात मोजलेलंच नाही. मला दोन्ही बाजू पटतात, कारण मी दोन्ही तऱ्हेच्या बायका पाहिल्या आहेत. एक जण सरोवरातली ओमेना नावाची बारीक मासळी वाळवून विकायची. नैरोबीची गिऱ्हाइकं पैसे आधी पाठवू लागली तेव्हा तिला दलालाकडे जायची गरज उरली नाही. तिच्याच शेजारणीनं फोनवर कर्ज काढून शिवणयंत्र घेतलं आणि सहा महिन्यांत ते विकावं लागलं.

पायऱ्या गाळल्या हे शब्द मला फारसे आवडत नाहीत. लँडलाइन गाळली, हे खरं. पण वीज कशी गाळणार? आफ्रिकेत आजही सुमारे ६० कोटी माणसं विजेविना राहतात. माझे निम्मे टॉवर डिझेलवर चालत. टॉवरखाली गावकरी फोन चार्ज करायला घेऊन येत, कारण नाहीतर बाजाराच्या गावी पैसे देऊन चार्ज करावा लागे. शाळेचं तसंच. मेसेज वाचता यायला आधी वाचता यावं लागतं. २०२४ च्या आकड्यानुसार आफ्रिकेत इंटरनेट वापरणारे फक्त ३८ टक्क्यांच्या आसपास आहेत. पुष्कळ ठिकाणी नेटवर्क डोक्यावर आहे, पण फोन आणि डेटा परवडत नाही. त्यात युगांडानं जुलै २०१८ पासून सोशल मीडिया वापरायला दिवसाला २०० शिलिंग कर लावला, त्यानं गरीब आधी बाहेर फेकला गेला. तीन वर्षांनी तो काढून डेटावर १२ टक्के कर बसवला.

सौर दिव्यांचं उदाहरण मात्र जरूर लिही. केनियात २०१२ पासून एम-कोपा नावाच्या कंपनीनं छोटं सौर पॅनेल, दिवे आणि फोनचा चार्जर हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आधी भरायचे, मग रोज चाळीस-पन्नास शिलिंग एम-पेसानं. हप्ता चुकला की दिवा आपोआप बंद, भरला की चालू. 'कोपा' म्हणजे उसनं घेणं. रॉकेलला तेवढे पैसे रोज जातच होते. मी निघायच्या वर्षी एका टॉवरच्या रखवालदाराच्या घरी हे दिवे लागले. त्याची मुलगी पहिल्या रात्री अभ्यासाला बसली आणि सारखी वर दिव्याकडे बघत राहिली.

प्रश्न : मी महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. आमच्याकडे आफ्रिकेचाही ट्रॅफिक येतो असं वरिष्ठ म्हणतात. एवढ्या लांबचा काय संबंध?
— घणसोली

जुना संबंध आहे बाळा, आणि तो समुद्राखालून आहे.

२००९ च्या आधी केनिया-टांझानियाच्या किनाऱ्याला समुद्राखालची एकही फायबर केबल लागलेली नव्हती. बाहेरच्या जगाशी सगळं उपग्रहावरून. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. माझा आवाज वर जाऊन नौपाड्यात उतरायला पाव सेकंद, आईचं उत्तर यायला आणखी पाव सेकंद. अर्धा सेकंद काहीच नाही असं वाटेल, पण दर रविवारी आम्ही दोघी एकदम बोलायचो, मग दोघी एकदम गप्प. आईला वाटायचं मी काहीतरी लपवते आहे, म्हणून लगेच उत्तर देत नाही. 'तू बरी आहेस ना' हे ती तीनदा विचारायची.

जुलै २००९ मध्ये सीकॉम ही केबल सुरू झाली : दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया, आणि तिथून एक फाटा युरोपकडे, एक थेट मुंबईला. तू रात्री ज्या रॅकसमोर बसतोस तिथली काही वाहतूक या वाटेनं जात असेल. केबल आल्यावर काही महिन्यांनी इंटरनेटवरून आईशी बोलले तेव्हा तिनं वाक्य संपवायच्या आत मी हसले. ती म्हणाली, 'आज तू इथेच आहेस असं वाटतंय.'

नोकऱ्यांवरही परिणाम झाला. योनास योर्ट आणि योनास पोल्सन यांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात दाखवलं की जलद इंटरनेट पोचलं तिथे रोजगार वाढला, आणि कमी शिकलेल्यांनाही त्यात वाटा मिळाला.

केबल तुटते तेव्हा तिची किंमत कळते. १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टजवळ चार केबल एकदम निकामी झाल्या आणि घाना, नायजेरियापर्यंत बँकांचे व्यवहार अडले. ती समुद्रानं केलेली इजा. सरकारं मुद्दाम बंद करतात तेव्हा मला संताप येतो. कॅमेरूनच्या इंग्रजी बोलणाऱ्या भागात जानेवारी २०१७ पासून ९३ दिवस इंटरनेट बंद ठेवलं होतं. तिथली प्रोग्रॅमिंग करणारी पोरं लॅपटॉप पाठीला लावून नेटवर्क असलेल्या हद्दीजवळच्या खेड्यात जायची, भाड्याच्या खोलीत काम करायची आणि परतायची. आपल्या देशातही असं बंद करतात. रात्रपाळीत कधी कंटाळा आला तर त्या पोरांची आठवण काढ.

प्रश्न : मी नेरूळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रवांडात ड्रोननं रक्त पोचवतात हे खरं का? आणि असलं काही आपल्या आदिवासी पाड्यांवर करता येईल का?

अगदी खरं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुहांगा इथून झिपलाइन कंपनीनं हे सुरू केलं. रवांडा म्हणजे टेकड्याच टेकड्या, पावसात रस्ते वाहून जातात. दवाखान्यातून निरोप आला की छोट्या विमानासारखा ड्रोन गलोलीसारखा ताणून सोडतात. दवाखान्याच्या आवारावर तो खाली येतो पण उतरत नाही, पुठ्ठ्याचा खोका कागदी पॅराशूटला बांधून सोडतो आणि परत फिरतो. एप्रिल २०१९ पासून घानातही हेच चालू आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की रस्त्यापेक्षा तासाभराहून जास्त वेळ वाचला आणि मुदत संपून वाया जाणारं रक्त ६७ टक्क्यांनी घटलं. हा दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. पूर्वी प्रत्येक छोट्या दवाखान्याला 'लागलं तर' म्हणून पिशव्या साठवाव्या लागत आणि त्या तशाच फुकट जात. आता साठा एका जागी.

सिस्टर, पाड्यांसाठी तुम्हीच उत्तर देऊ शकता. रवांडात हे चाललं कारण रक्तपेढीची देशव्यापी व्यवस्था आधीच नीट होती आणि पिशवी हातात आल्यावर ती लावणारी तुमच्यासारखी माणसं खाली उभी होती. जव्हार-मोखाड्यात खोका उतरेल, पण त्या वेळी उपकेंद्राचं कुलूप उघडं असेल का?

मला स्वतःला ड्रोनहून प्रिय आहे ती घानाची एक साधी युक्ती. ब्राइट सायमन्स या तरुणानं एमपेडिग्री सुरू केलं. औषधाच्या पाकिटावर खरवडायची पट्टी, खाली आकडे, ते फुकट एसएमएस करायचे, आणि औषध खरं की बनावट ते उत्तर क्षणात. याचं मोल मला कसं कळलं ते सांगते. २०१० मध्ये मला मलेरिया झाला. एका औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, पूर्ण घेतल्या, आणि ताप आणखी चढला. डॉक्टरांनी पाकीट उजेडाकडे धरलं, छपाई बघितली आणि काही न बोलता कचऱ्यात टाकलं. मी वाचले, कारण मला दुसऱ्या गोळ्या परवडत होत्या. त्याच आठवड्यात आमच्या जनरेटरवाल्याचं चार वर्षांचं मूल मलेरियानं गेलं. त्याला कुठल्या गोळ्या दिल्या होत्या हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दक्षिण आफ्रिकेचं मॉमकनेक्टही बघा. ऑगस्ट २०१४ पासून सरकार गरोदर बायकांना त्यांच्या महिन्यानुसार मोफत मेसेज पाठवतं, देशाच्या अकरा अधिकृत भाषांत, आणि दवाखान्यात वागणूक वाईट मिळाली तर त्याच फोनवरून तक्रार करता येते.

प्रश्न : माझ्या मुलानं कर्ज देणाऱ्या ॲपवरून आठ हजार घेतले. आता ते लोक आमच्या नातेवाइकांना फोन करून घाणेरडं बोलतात. तुमच्या आफ्रिकेत गरिबांना असंच कर्ज देतात ना? मग कसला विकास?
— एक आई, कळवा

ताई, आधी तुमच्या घरचं. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा, मेसेजचे आणि कॉलचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधल्या नावांच्या यादीला हात लावायचा अधिकार नाही. मुलावर ओरडू नका. माझ्या भाच्यावर ऐरोलीत हीच वेळ आली होती. त्यानं तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही, जेवायचंही बंद केलं होतं. ते तीन आठवडे आठवले की अजून माझे हात गार पडतात.

तुमचा राग रास्त आहे. केनियात नोव्हेंबर २०१२ मध्ये फोनवर कर्ज सुरू झालं, महिनाभराच्या कर्जावर साडेसात टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण बारा महिन्यांचा हिशेब केला की नव्वद टक्के होतात. ते निदान बँकेमार्फत होतं. पुढे ॲपांचा सुळसुळाट झाला, नातेवाइकांना फोन, धमक्या, बदनामी, सगळं असंच. दोन-चारशे शिलिंग थकले म्हणून माणसांची नावं बुडव्यांच्या यादीत गेली आणि खरी गरज लागली तेव्हा बँकेनं दार लावलं. २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं परवाना सक्तीचा केला आणि छळाला बंदी घातली. उशीर झाला, पण केलं.

आमची टपरीवाली एजंट अजून मला व्हॉइस मेसेज पाठवते. ती सांगते की तिच्या बायकांनी ॲप काढून टाकली आणि त्या परत 'चामा'वर आल्या. चामा म्हणजे आपली भिशी. फरक एवढाच की आता दर महिन्याचे पैसे फोनवरून गोळा होतात आणि कुणी भरले, कुणी राहिले ते सगळ्यांना एकदम दिसतं. जिच्या घरी दुखणं आहे तिचा नंबर आधी लावतात. हे कुठल्याही ॲपला जमणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर दोन नायजेरियन विद्यार्थी भाड्यानं आले आहेत. सभासद म्हणतात, हे लोक ऑनलाइन फसवणुकीतलेच, काढून टाका. मी सचिव आहे. काय करू?
— खारघर

तुम्ही विचारलंत याचा मला आनंद आहे. फसवणूक करणारे तिकडे आहेत, आपल्या झारखंडातल्या जामताड्यातही आहेत. लेगॉस शहराच्या याबा भागात त्याच वयाची पोरं काय करतात तेही सभासदांना सांगा. पेस्टॅक ही पैसे स्वीकारायची सोय देणारी कंपनी दोन तरुणांनी २०१५ च्या सुमारास लेगॉसमध्ये उभी केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या स्ट्राइपनं ती २० कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली. आज नायजेरियातले हजारो छोटे दुकानदार तिच्यावर गिऱ्हाइकाचे पैसे घेतात.

सचिव म्हणून एवढंच बघा : भाडेकराराची नोंदणी झाली आहे का, आणि घरमालकानं परदेशी भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरला आहे का. भरला नसेल तर चूक मालकाची, पोरांची नव्हे. पाणी किती वाजता येतं, ओला-सुका कचरा कुठे ठेवायचा, हे दारावर कागद चिकटवून कळवू नका, वर जाऊन सांगा. किसुमूत मला हे सगळं शेजारच्या बाईनं सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी आली होती, हातात दोन भाजलेली कणसं घेऊन, आणि माझं स्वाहिली तेव्हा 'पेसा' आणि 'दुका'च्या पुढे गेलेलं नव्हतं.